हौदावरचे दोन गलास

"माठले हात नको लावू. तुम्हना दोन गलास हौदवर ठेवेल शेतस."

मालक हे सगळ्या मजुरांदेखत बोलला. शहाद्याकडच्या त्या केळीच्या बागेत मी आणि बायको चार वर्षं राबत होतो. सरकारी दवाखान्यातून आम्ही दर महिन्याला कसल्या गोळ्या आणतो, ते त्याला कुणीतरी सांगितलं होतं. एचआयव्हीच्या.

हौद गुरांचा. कडेला शेवाळ. वासरं तोंड घालायची, तिथंच पातळ शेण टाकायची. एक मजूर म्हणाला, "जावईबापू, तुम्हना मान न्यारा!" सगळे हसले. मीही हसलो. होय, हसलो. काम जाईल म्हणून.

घरी बायको म्हणाली, "मी ते पाणी पेणार नही."

मी म्हणालो, "पाणीच शे ना. पी."

आता लिहितो ते तेव्हा मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. माझं काम मोटारीवर. बोअरचं पाणी पाइपातून पडायचं, तिथं कुणी नसताना मी तोंड लावून प्यायचो. स्वच्छ. गार. तिला एकदाही नेलं नाही. दोघं दिसलो तर मालक हाकलेल, ही भीती. ती निंदणी करून यायची आणि हौदात गलास बुडवायची.

तिला हगवण लागली. थांबेना. गोळी घेतली की उलटी. मग गोळ्याही चुकू लागल्या. दवाखान्यातल्या ताई विचारायच्या, "पाणी कुठलं पिता?"

तिच्याआधी मी बोलायचो, "नळाचं."

तिसऱ्या खेपेला तिला भरतीच करून घेतलं. डॉक्टर मला म्हणाले, "एक घर, एक जेवण, गोळ्याही त्याच. मग हिलाच का?"

ताई म्हणाल्या, "प्रतिकारशक्ती कमी झाली की गुरांच्या शेणातले जंतू आतड्यात ठाण मांडतात. पाणी उकळून प्या म्हणते ते उगाच नाही. खरं सांगा, दादा."

बायको खाटेवरून बघत होती. मी सांगितलं. हौद सांगितला. मग पाइपही सांगितला. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत मी माठापाशी गेलो. गलास भरला, सगळ्यांदेखत प्यायलो. मालक धावत आला. "माठ खराब करी टाका ना!"

"मन्हा आजार पाणीथाईन तुम्हले व्हत नही," मी म्हणालो. "तुम्हना हौदथाईन मन्ही बायको मरी ऱ्हायनी."

त्यानं माठ फोडला. या खेपेला कुणी हसलं नाही. माझं काम तिथंच संपलं.

बायको महिन्याभरानं उभी राहिली. अर्धी होऊन. माझ्या हातचं पाणी ती घेत नाही. स्वतः उकळते, स्वतः गाळते. माफी मागायला मला तोंड नाही, आणि ती मागितल्यानं तिचं आतडं भरून येणार नाही.

परवा सारंगखेड्याजवळच्या एका बागेत काम मिळत होतं. मी आधीच सांगितलं, "मले एचआयव्ही शे. पाणी उकाळाले चूल लागी. जेवाले सगळास्ना संगे बससुत."

शेजारून ती म्हणाली, "मले बी शे."

त्या माणसानं नकाराची मान हलवली. आम्ही उठलो. उद्या रनाळ्याला विचारायला जायचं आहे. तिथंही आधी हेच सांगणार. कामाचं मग.