बाबांचा अर्धा अध्याय

बाबा संध्याकाळी शुभवर्तमान वाचायला बसले की मंगळवार पेठेतल्या म्हशी आटायच्या, एवढा त्यांचा आवाज. घशाच्या कॅन्सरनं तो आवाज गेला, तशी शेजारची काकू दारात आली. "आज वाचन न्हाय व्हय? करमंना की!"

बाबांनी पुस्तक माझ्याकडं सरकवलं. चर्च सोडून मला वर्षं झाली होती, तरी रोज वाचू लागलो. काकू उंबऱ्यात बसायची, बाबा ओळीवरून बोट फिरवायचे.

एका संध्याकाळी बोट मध्येच थांबलं, मग श्वासही. मी पुस्तक मिटायला गेलो. अध्याय अर्धा सोडायचा नाही, हा बाबांचा नियम.

काकू रडत म्हणाली, "पुरा कर लेकरा."

मग वाचलं. म्हशी आटतील इतक्या मोठ्यानं.