शेंदराखालचे यंत्र

सारंगखेड्याजवळच्या मळ्यात कौसाबाई पाटील यांचे घर आहे. मागच्या ओट्यावर शेताचा राखणदार देव बसतो. लग्न होऊन आल्यापासून कौसाबाई त्याला तेल-शेंदूर चढवतात आणि रोज त्याच्या अंगाशी दिवा लावतात. देव दगडाचा आहे, याबद्दल कोणाला कधी शंका आली नाही.

यंदा श्रावणात शेंदराची खोळ निखळून पडली. खोळ पडणे हा शुभ शकुन. पण आतून दगड निघालाच नाही. वीतभर उंचीचा लोखंडी ठोकळा निघाला. त्यावर उभी सळई, सळईवर एक वजन, ते अडवून धरणारी आडवी खीळ, खिळीला कडी. वजनाच्या बरोबर खाली ठोकळ्यात भोक, शेंदराने घट्ट बुजलेले. तेलामुळे कुठे गंजाचा ठिपका नव्हता.

सून रोहिणीने फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला. कोणी अडकित्ता म्हटले, कोणी शेवेचा साचा. एका मामांनी घोड्याचा नाल ठोकायची ऐरण ठरवून टाकली. घोडेबाजाराचे सारंगखेडा म्हटल्यावर घोडा यायलाच हवा. शहाद्यात पंप दुरुस्त करणारा तिचा भाऊ हेमकांत मात्र मोटारसायकल काढून थेट आला.

कौसाबाई दिवा लावायला वाकल्या, तेव्हा त्याने आधी तो लांब ठेवायला सांगितले. वजन सुटले तर भोकावर आदळेल, एवढे त्याला दिसत होते. कशासाठी, आणि भोकात काय ठासले आहे, ते कळत नव्हते. देवाचे काही नेम आहेत का, असे त्याने विचारले. एकच होता. ज्वारी दाण्यात आली की देवाला दोरा बांधून शेताच्या कडेच्या खुंटीपर्यंत न्यायचा, पण ढिला ठेवायचा. ताणला तर देव जागा होतो, असे सासू सांगे.

हेमकांत दोन पावले मागे सरकला. रानडुकराचा पाय दोऱ्यात अडकायचा, खीळ निघायची, वजन पडायचे आणि भोकातली बंदुकीची दारू उडायची. आवाजाने कळप पळावा, एवढ्यासाठी केलेले यंत्र. खीळ अजून जागेवर होती.

“आत दारू शे का?” रोहिणीने विचारले.

“माहीत नही. ऱ्हायनी व्हई तं तुम्हीच तेल-शेंदूर लाईसन कोरडी ठेवी,” हेमकांत म्हणाला. दारू उरलीच असेल, तर इतकी वर्षे तेल-शेंदरानेच तिला ओल लागू दिली नव्हती.

पोलिसांना कळवावे, असे त्याचे म्हणणे पडले. कौसाबाईंना ते पटेना. देव ठाण्यात गेला की परत येणार नाही, वर बिनपरवान्याच्या हत्याराचा ठपका. शेवटी दारू भिजून निकामी व्हावी म्हणून यंत्र पाण्यात बुडवायचे ठरले. उचलायला हेमकांत पुढे झाला, तर त्यांनी त्याला हाताने मागे सारले.

“मन्हा देव शे. मीच उचलसू.”

त्यांनी घमेले भरले, पदर खोचला, खिळीवर अंगठा दाबून ठोकळा हळूच आडवा करून पाण्यात सोडला. बुडबुडा एकही आला नाही. म्हणजे पाणी आत शिरलेच नव्हते. भोकातला शेंदूर काडीने टोकरतो, असे हेमकांत म्हणाला. देवाचा शेंदूर खरवडायचा नसतो, असे सांगून कौसाबाईंनी तो विषय बंद केला. सुटेल तेव्हा आपणहून सुटेल.

घमेले अजून ओट्यावर आहे. पाणी कमी झाले की रोहिणी दारातूनच हात लांबवून तांब्या ओतते.