गयाबाईची पिवळी ओळ

संशोधन केंद्राचा विषय निघाला की घरचे म्हणतात, "झालं यांचं सुरू!" करू काय? सेलू रोडवरच्या त्या शेतावर मी फील्ड असिस्टंट होतो आणि एकेक संतापजनक प्रकार साचतच गेला. रिटायर झालो, पण राग काही जाईना.

हरभऱ्याच्या मुळांवर गाठी येतात, त्यांतले जंतू हवेतलं नत्र झाडाला देतात. आमचं काम म्हणजे झाडं खोदायची, मुळं धुवायची, गाठी मोजायच्या. एकदा गयाबाई, आमच्याकडची रोजंदारीवरची मजूर, एक पिवळं झाड घेऊन आली.

"सायेब, ह्याच्या मुळाला एक बी गाठ न्हाई बगा!"

शेजारची झाडं गाठींनी लगडलेली! विभागप्रमुख साहेब म्हणाले, "रोगट आहे. फेका!"

गयाबाईनं ते कुंडीत जगवलं. पुढच्या वर्षी त्याचं बी पेरलं, तर अख्खी ओळ पिवळी आणि गाठ एकही नाही! खोट मातीत नव्हतीच, झाडाच्या जनुकात होती. जंतू दाराशी आले तरी झाड कडी काढत नव्हतं.

*

"या ओळीला गयाबाईचं नाव देऊ," मी म्हणालो. तिला तसा शब्दच देऊन बसलो होतो.

साहेब उसळले, "मजुराचं नाव? लोक हसतील!"

बाहेर विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पेटलेला आणि आत एका ओळीच्या नावावरून ही तऱ्हा! दुसऱ्याच दिवशी प्लॉटच्या फाटकावर पाटी लागली, शोधकर्ता म्हणून साहेबांचं नाव. मला फार लाज वाटली.

*

प्रयोगशाळेतल्या माठाला गयाबाईनं हात लावायचा नाही. शिपायानं तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं!

एकदा मी विचारलंच, "साहेब, तिनं धुतलेली मुळं तुमच्या टेबलावर कशी चालतात?"

"अहो, ते संशोधन आहे!"

*

मोठे पाहुणे येणार होते. पिवळी ओळ वाईट दिसते म्हणून साहेबांनी सगळ्या प्लॉटला युरिया टाकायला लावला. ओळींचे नंबर लिहिलेल्या खुंट्याही रंगवायला उपटून नेल्या. खतातलं आयतं नत्र मिळालं आणि ओळ झाली हिरवीगार!

अहो, ती पिवळी होती हाच तर शोध होता!

"आता कोणती ओळ कुठं, ओळखायची कशी?" मी डोक्याला हात लावला.

गयाबाई म्हणाली, "मला ठावं हाय. सायबाला इचारा की!"

*

पाहुणे आले. "दाखवा तुमचं ते झाड," म्हणाले.

साहेबांनी मधल्याच एका ओळीतलं झाड धरलं आणि हातानंच हिसडून उपटलं. मूळ उघडं. "पाहा, एकही गाठ नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गयाबाई खुरपं घेऊन पुढं आली. त्या खड्ड्याशी बसली, ढेकूळ फोडलं आणि चार गाठी उचलून पाहुण्यांच्या हातावर ठेवल्या.

"ह्या खाली ऱ्हायल्या बगा. सायबांच्या नावाची वळ ती पल्याडची हाय."