आत्याने निवडलेले स्पीकर

कुणी माफी मागितली की आत्याला राग यायचा. चूक एक वेळ चालायची, माफी नाही. "माफी मागून मानूस मोकला होतो," ती म्हणायची, "त्याला मोकला कशाला सोडाचा?" मी दोन दिवसांत राग विसरणारी बाई. माझा नवरा त्याला चांगुलपणा म्हणतो, आत्या आळस म्हणायची. राग धरायचा तर नीट धरावा, अर्धवट भाजलेलं मावरं, म्हणजे मासळी, कोण खातं, असं तिचं म्हणणं.

रोडपालीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती तळमजल्यावर मुलाकडे राहायची. माहेर जासईचं. नात्याने ती माझी कुणीच नव्हती, पण सगळी बिल्डिंग तिला आत्याच म्हणायची. एकदा सेक्रेटरींनी तिच्या वाळत घातलेल्या जवळ्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकला. वासाने म्हणे त्यांचं डोकं उठत होतं. आत्या भांडली नाही. जवळा गुपचूप आत घेतला. पावसाळ्यात बाजारात धड मासळी मिळेना, तेव्हा तिने जवळ्याची चटणी केली आणि प्रत्येक घरी वाटी पाठवली. फक्त सेक्रेटरींचं दार वगळलं. तो खमंग वास त्यांच्या दारावरून सबंध जिन्यात फिरत राहिला. शेवटी त्यांची बायको वाटी घेऊन खाली आली, तर आत्या काळजीच्या सुरात म्हणाली, "नाय गो बाय, तुमच्या साहेबांचा डोका उठंल." ज्याने जे मागितलं ते त्याला पुरेपूर द्यायचं, ही तिची सूड घेण्याची रीत होती. त्यात समोरच्याला तक्रारीलाही जागा उरत नसे.

आत्या धवलारीण होती. आगरी लग्नात धवलारणीला मोठा मान. हळदीपासून प्रत्येक विधीला तिने धवला गायचा, देवांना आणि पितरांना नाव घेऊन बोलवायचं, मगच कार्य पुढे सरकायचं. आत्या ओळ म्हणायची आणि तिची भावजय ती ओळ मागून उचलायची. आत्या तिला वयनी म्हणायची, म्हणून मीही वयनीच म्हणायचे. वयनीचा आवाज बारीक, किंचित कापरा. एकटा असता तर कुणी ऐकलाही नसता. पण आत्याच्या भरड्या आवाजामागून तो आला की अंगणातल्या बायका बोलायच्या थांबत. दोघी तरुणपणापासून बरोबर गात होत्या. "माजा दम संपतो तिथं वयनीचा सुरू होतो," आत्या सांगायची.

वयनीच्या धाकट्या मुलाच्या हळदीला आत्या मला जासईला घेऊन गेली. थोरला मुलगा दिन्या साउंडवाला. भावाच्या हळदीला त्याने स्वतःच्याच स्पीकरच्या बॉक्सची भिंत उभी केली होती, घराच्या पत्र्याला टेकेल एवढी उंच. मांडवात आत्या गात होती. मी वयनीच्या अगदी शेजारी बसून मोबाईलवर रेकॉर्ड करत होते. पितरांना बोलवायची वेळ आली. आत्याने ओळ सोडली, वयनीने ती उचलली आणि तेवढ्यात दिन्या येऊन म्हणाला, "आत्या, बस झाला आता. पोरा खोलंबलीत." त्याने मागे हात केला. भिंत सुरू झाली. धाड, धाड, धाड. वयनी गातच होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. मग तेही थांबले आणि तिने पदराने तोंड पुसलं.

पितर दारापर्यंत येऊन उभे राहिले आणि त्यांना आत घ्यायला कुणी उरलं नाही, असं आत्या परतताना रिक्षात म्हणाली. दिन्याने दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली. तिथेच तो संपला.

त्यानंतर वर्षभरातच वयनी गेली. आत्याने गाणं सोडलं. बोलावणी आली तर गळ्याकडे बोट दाखवायची. गळा ठणठणीत होता हे मला माहीत होतं, कारण मुलांना हाका मारताना तो अख्ख्या सेक्टरला ऐकू जायचा. वयनीचा आवाज आता फक्त माझ्या मोबाईलमध्ये होता, तोही भिंतीखाली गाडला गेलेला. आत्या रोज वर येऊन ते रेकॉर्डिंग मागायची. मोबाईल कानाला घट्ट दाबायची. "हाय गो आत," म्हणायची. "खाली दबलीय. काढली पायजे."

तेवढ्यात तिच्या मुलाने नवा टीव्ही घेतला आणि होम थिएटर घ्यायचं ठरवलं. आत्याने जाहीर केलं, स्पीकर मी निवडणार. मुलगा हसला. मग सबंध उन्हाळाभर ती मला घेऊन पनवेलच्या दुकानांतून हिंडली. हॉल छोटा, म्हणून स्पीकर छोटे हवेत, एवढीच मुलाची अट होती. दुकानदार हौसेने लढाईचे सीन लावून दाखवायचे, खुर्च्या हादरायच्या. आत्या शांतपणे माझा मोबाईल पुढे करायची, "आमचा लाव." मग त्या गार काचेच्या दुकानात दिन्याचा आवाज घुमायचा, आत्या, बस झाला आता, आणि पाठोपाठ धाड धाड. आत्या स्पीकरला कान लावायची आणि मान हलवायची. "ह्यो नको. ह्यो त्याचा हाय." खाली ठेवायच्या, दणका देणाऱ्या वूफरवर तर तिचा विशेष राग. एका दुकानात तो फुकट मिळत होता, तरी म्हणाली, "दिन्याचा पोर हाय ह्यो. माज्या उंबऱ्याच्या आत नाय येनार."

शेवटी एका दुकानातल्या मुलीने तिला विचारलं, "आजी, तुम्हाला नक्की काय ऐकायचंय?" आत्याने सांगितलं. मुलीने कोपऱ्यातली एक जोडी काढली. टिफिनच्या डब्याएवढे दोन स्पीकर. म्हणाली, "यांच्यात दणका नाही. पिक्चरला मजा येणार नाही. पण माणसाचा आवाज स्वच्छ येतो." रेकॉर्डिंग लागलं. भिंतीचा धडाका या डब्यांतून नुसता टकटक वाजला, जणू कुणी शेजारी खिळा ठोकतंय. आणि त्या टकटकीच्या मागे बारीक, कापरा आवाज उभा राहिला. वयनी गात होती. ओळ तिने पूर्ण केली होती. पुढचीही म्हटली होती. आम्हाला मांडवात काहीच ऐकू आलं नव्हतं. आत्या दुकानातल्या स्टुलावर बसली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता त्याला बोलव."

दिन्या आला तो मिठाई घेऊन. आत्याला विसर पडला असं त्याला वाटलं असावं. तिने त्याला रुमालांनी झाकलेल्या दोन स्पीकरच्या मधोमध सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. रेकॉर्डिंग मीच लावलं. स्वतःचा आवाज ऐकून तो हसला. टकटक सुरू झाली तसा पुढे वाकला, आणि मग त्याचा चेहराच उतरला. "आई गाते," तो म्हणाला. "आत्या, आई गातच होती?"

"तू मागं बघितलास कवा?" आत्या म्हणाली.

तो पुरता कोसळला. भिंतीएवढे बॉक्स वाजवणारा माणूस, हुंदके देत होता. आत्याने पाठीवरून हात फिरवला नाही. मीही उठले नाही. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. त्याने रेकॉर्डिंग मागितलं. आत्याने लगेच मला पाठवायला सांगितलं. "घे. तुज्या भिंतीवर लाव. सगल्या गावाला ऐकव."

चार दिवसांनी त्याचा फोन आला. बॉक्सवर नुसतं धाड धाड वाजतं, मशीनवर दणका कमी करून बघितला तर आईचा आवाजही फाटतो. आत्याने कुठले स्पीकर घेतलेत? आत्या माझ्यासमोर बसली होती. तिने मान हलवली आणि फोन ठेवायला लावला. "मी हिंडली ना दुकान दुकान?" ती म्हणाली. "त्याला पन हिंडू दे. चार मानसांत सोताचा आवाज ऐकू दे. घरी आला तर च्या दे त्याला. पन नाव नाय सांगाचा, नि ऐकवाचा नाय."

या हिवाळ्यात आत्या गेली. जाण्याआधी मुलाला सांगून स्पीकर माझ्याकडे पाठवले. तिचं कार्य उरकल्यावर दिन्या माझ्याकडे आला. मी स्पीकर होते त्या खोलीच्या दारावर पडदा ओढून त्याला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला. "एकदाच," तो म्हणाला. मी म्हटलं, "आत्याने नाही म्हणून सांगितलंय." चहा संपवून तो उठला. आत्याला तो माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता.

गेल्या आठवड्यात पनवेलच्या बाजारातून भाजी घेऊन येताना एका दुकानातून ओळखीचे शब्द कानावर आले. आत्या, बस झाला आता. पोरा खोलंबलीत. काचेतून पाहिलं. दिन्या एका स्पीकरला कान लावून वाकला होता. गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघत होती. आम्हाला ती जोडी काढून देणाऱ्या मुलीचं दुकान तिथून पुढच्याच वळणावर होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. तेवढ्यात त्याने मला पाहिलं. "दुसरा लावा," तो दुकानदाराला म्हणाला आणि पुन्हा वाकला.

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि घरी आले. स्पीकरवरची धूळ पुसली, रेकॉर्डिंग लावलं आणि टकटकीमागून वयनी येईपर्यंत तिथेच उभी राहिले.