मंडईचे पाहुणे आणि स्वस्तातलं वायफाय

सिहोऱ्यात घरी इंटरनेट घ्यायचं म्हणजे मुलीसाठी स्थळ पाहण्यासारखं आहे. जे चांगलं ते परवडत नाही, आणि जे परवडतं त्यात काहीतरी खोट असते.

आम्हाला ते घ्यावं लागलं मुलीच्या नोकरीमुळे. बी.कॉम. झाल्यावर तिला घरबसल्या काम मिळालं. शहरातल्या लोकांची पार्सलं उशिरा पोचली की त्यांच्या शिव्या कॉम्प्युटरवर ऐकून घ्यायच्या आणि वर गोड बोलायचं. सुरुवातीचे महिने कच्च्या नोकरीचे. अट एकच होती, घरी वायरचं नेट पाहिजे, मोबाईलचं चालणार नाही. ते जमलं नाही तर नागपूरला खोली करून ऑफिसात बसायचं, म्हणजे अर्धा पगार खोलीवाल्याचा आणि उरलेला खानावळीचा. नवरा राईस मिलमध्ये वजनकाट्यावर, मी अंगणवाडीत मदतनीस. वरून घालायला आमच्याकडे काही नव्हतं.

एका मोठ्या कंपनीला फोन केला. तिथली बाई पिनकोड ऐकून म्हणाली, "आपके एरिया में जल्द ही." दुसरा एक जण छपरावर छत्री लावून देतो म्हणाला, पण त्या छत्रीच्या पैशात आमचं छप्परच नवं झालं असतं. शेवटी गावचा केबलवाला उरला. तो फोन उचलत नसे, आणि चुकून उचललाच तर म्हणे, "येऊनच राहिलो, वहिनी." कुठून येत होता कोण जाणे. त्याच्या दुकानाच्या खेपा घालून माझ्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे वायर घरात आली. सगळ्यात स्वस्त प्लॅन घेतला. त्यात महिन्याचा डाटा ठरलेला होता. तो संपला की नेट मुंगीच्या पावलांनी चालणार. मुलीच्या कामापुरता तो जेमतेम पुरायचा, म्हणून नवऱ्याला मी त्यावर एक रीलसुद्धा पाहू दिली नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. भाजीची नव्हे, जत्रा. लेकीबाळी, सोयरेधायरे गोळा होतात, दंडारीचा नाचगाण्या-सोंगांचा खेळ पाहतात आणि ओळखीच्या कोणत्याही घरात शिरून चहा पितात. त्या दिवशी दारी आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. त्या वर्षी गर्दीने मोबाईलची रेंजच मेली. आणि माझ्या नवऱ्याने, आपल्याकडे वायरचं आहे या मोठेपणात, चहाबरोबर पासवर्डही वाटला. मी चुलीपुढे. मला पत्ताच नाही.

मुलीची ड्यूटी दुपारची. ती खोलीतून बाहेर आली तेव्हा रडायच्या बेतात होती. "आई, नुसतं चाक फिरून राहिलं. आज कटलं तं मले काढतीन." नेट बंद पडल्यावरून तिला आधीच तंबी मिळालेली होती.

मी तणतणत ओसरीत गेले. सगळ्यांच्या माना फोनमध्ये. मधोमध माझा मोठा भाऊ, चिखल्याच्या खाणीतून रिटायर झालेला. त्याचा मुलगा बंगलोरला, आणि तिथेच त्याला बाळ झालं होतं. भावाच्या वसाहतीत फोनवर आवाज कसाबसा येतो, चित्र येत नाही. नातवाचं तोंड त्याने अजून पाहिलं नव्हतं, ते पाहायलाच तो मुद्दाम माझ्याकडे आला होता. मी सगळ्यांदेखत सांगितलं, नेट बंद करा, पोरीची नोकरी जाते आहे. नणंदेने तोंड वाकडं केलं.

भाऊ म्हणाला, "मंग आधी काहून नाही सांगतलं, बाई?" त्याने खुंटीवरचं सूप काढलं, पहिला आपला फोन त्यात ठेवला आणि सूप सगळ्यांपुढे फिरवलं. ते फोनांनी भरलं. मग आम्ही वाट पाहत बसलो. विहीर उपसल्यावर जरा दम धरला की पाणी परत चढतं, तसं नेटही चढेल अशी आमची सगळ्यांची समजूत. मुलीने कपाळावर हात मारला. "ते भरत नसते, आई. केबलवाल्यानंच वाढवून द्या लागते."

केबलवाल्याच्या दुकानाला कुलूप. पानठेल्यावर विचारलं तर कळलं, तो दंडारीत आहे. मला वाटलं, पाहायला गेला असेल. गडी नाचत होता! दंडारीत बायांची कामं पुरुषच करतात, आणि हा हिरवं लुगडं नेसून कोणाची तरी दुसरी बायको झाला होता. माझं डोकंच फिरलं. लोकांना बाजूला सारत मी थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"डाटा वाढवून दे."

"आता, वहिनी? खेळ चालू आहे जी."

"तुह्या खेळात माह्या पोरीची नोकरी जाऊन राहिली. आधी डाटा दे."

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. त्यांना वाटलं, ही पहिली बायको. एकाने खूश होऊन मला दहाची नोट दिली. केबलवाल्याने कमरेला खोचलेला फोन काढला, बोटाने दोन ठिकाणी दाबलं आणि म्हणाला, "झालं." एवढंच काम होतं. एवढ्या कामासाठी या माणसाने मला आजवर हेलपाटे घालायला लावले होते. एक धपाटा घालावासा वाटला. लोकांनी तोही खेळातलाच समजला असता.

घरी आले तर खोलीतून मुलीचा गोड आवाज येत होता, आणि ओसरीत सगळे चिडीचूप. बाहेर ढोल वाजत होते. ज्यासाठी ही माणसं आली होती ते सोडून ती तशीच बसून होती. दार उघडलं तर गलका आत जाईल म्हणून कोणी उठत नव्हतं. नणंदसुद्धा नाही. मला भरून आलं, आणि नवऱ्याचा रागही गेला नाही.

संध्याकाळी मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "निभलं आज." सगळे आपापले फोन घेऊन मंडईत पांगले. भाऊ चपला शोधू लागला. नेट लावून दे, असं त्याने तोंडातून काढलं नाही. मीच त्याला हाताला धरून बसवलं आणि मुलीला म्हटलं, कॉम्प्युटरवर लाव, मोठं दिसू दे.

"त्यानं डाटा लय जाते, आई."

"जाऊ दे."

बाळ दिसलं. गालाला काजळाची तीट. त्याने जांभई द्यायला तोंड उघडलं आणि तसंच थांबलं. चित्र अडकलं, आवाजही गेला. मी केबलवाल्याच्या नावाने बोटं मोडली, वायर हलवली, नेटचा डबा बंद करून पुन्हा चालू करावा म्हणून बटणाकडे हात नेला. भावाने माझं मनगट धरलं.

"राहू दे, बाई. बंद केलं तं हेही जाईन."

आणि तो त्या उघड्या तोंडाच्या नातवाशी बोलत राहिला.