झेरॉक्सवाल्याने झाकलेला अर्थ

आमच्या जरीपटका वस्तीतला झेरॉक्सवाला प्रत काढण्याआधी कागद वाचायचा, ओठ हलवत, सावकाश. मी तेव्हा कॉलेजात आधुनिक कविता शिकवायचे आणि प्रत्येक कवितेखाली स्वहस्ते तिचा लांबलचक अर्थ लिहायचे. माझ्यावाचून मुलं बुडतील, अशी या बाईसाहेबांची खात्री!

एकदा त्याने माझ्या अर्थावर कोरा कागद ठेवून चाळीस प्रती काढल्या.

"हे काहून झाकलं?" मी कडाडले.

"कविता समजून राहिली होती, मॅडम. खालचं वाचलं अन् सारा घोळ झाला."

तासाला पाचच मिनिटं उरली होती, म्हणून तशाच नेल्या. त्या दिवशी मुलं पहिल्यांदा कवितेवरून भांडली. घंटा झाली तरी कोणी उठेना, आणि मी विद्वान बाई खुर्चीत रुसून बसलेली.