गाठ मारलेली वायर

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली, तेव्हा सांगून टाकतो. माझ्या बायकोचे, सुमतीचे, थोरले भाऊ, आम्हा सगळ्यांचे दादा, मांडवीत राहायचे आणि घरोघरी विजेची कामं करायचे. विजेला त्यांच्याइतका ओळखणारा आणि ती दुसऱ्याला समजावण्यात त्यांच्याइतका कच्चा माणूस अख्ख्या रत्नागिरीत झाला नसेल. खिशाला पेनाऐवजी टेस्टर. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी मांडवातले बोर्ड बघायचे. कुणाच्याही घरी शॉक लागतो का ते बघायला फ्रिजला हाताची पालथी बाजू लावल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. वायरी मात्र उरल्यासुरल्या, हाती येतील त्या रंगाच्या. फेजच्या वायरीला पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारायची, की झालं. म्हणायचे, "रंग दुकानदाराचा, गाठ माझी."

मला समजावण्याचा त्यांनी चंग बांधला होता. "भावोजी, फेज म्हणजे संगमेश्वरला जाणारी एसटी, न्यूट्रल म्हणजे परतीची. बटण जाणारीला अडवतं."

"मग परतीची अडवली तर?"

"तरी दिवा विझतो. पण गाडी दिव्यापाशी भरलेली उभी राहते."

"आणि अर्थिंग?"

"गाडी बिघडली तर घरी यायची पायवाट."

"पण परतीच्या गाडीतही माणसं असतात ना? मग तिचा शॉक का नाही बसत?"

दादांनी आत हाक मारली, "सुमे, ह्यांना चहा दे गो. ह्यांचं डोकं तापलंय." आमच्या घराचं वायरिंग त्यांनीच केलेलं. जिन्यातल्या दिव्याला त्यांनी खाली एक आणि वर एक बटण लावलं होतं. कुठलं वर केलं की दिवा लागतो, ते मला आजही सांगता येत नाही.

एका वर्षी गणपतीच्या आधी माजघराला रंग देताना मेन बंद करून मी बोर्ड उघडला. त्या दोऱ्याच्या गाठी मला गबाळ्या वाटल्या, म्हणून कापून टाकल्या. आत येणाऱ्या दोन्ही वायरी हिरव्याच. कुठली कुठे होती ते विसरलो आणि अंदाजाने बसवल्या. दिवा लागला, म्हणजे बरोबर, असं मला वाटलं. दोन दिवसांनी सुमतीने बटण बंद करून होल्डर पुसायला घेतला. शॉक बसून ती स्टुलावरून पडली आणि मनगट मोडलं.

दादा धावत आले. बोर्ड उघडला, कापलेले दोरे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. मी रंगाचा डबा ढवळत होतो. शेजारपाजारचे दारात जमले होते. त्या सगळ्यांसमोर ते म्हणाले, "फेज-न्यूट्रल उलटं झालंय, बटण परतीचीला अडवतंय. सुमे, माझ्याच हातून चुकलं गो."

त्यानंतर आमच्या आळीतल्या कुणी त्यांना बोलावलं नाही. "सख्ख्या बहिणीला शॉक दिला, आपली काय कथा!" असं लोक माझ्यासमोर बोलायचे आणि मी मान डोलवायचो. दादा लग्नांना येत राहिले, पण मांडवातल्या बोर्डांकडे फिरकायचे नाहीत. सुमतीसुद्धा पुढे वायरमन दुसरा बोलवायची. तिला खरं काय ते आज हे वाचूनच कळेल.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा सांगायचंच असं ठरवून मी मांडवीला गेलो. उशाशी बसलो. "दादा, त्या बोर्डाचं..." एवढं म्हटलं, तर त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "परत समजावू? सोपं आहे, भावोजी." आणि संगमेश्वरच्या एसटीपासून सुरुवात केली. मी सगळं ऐकलं, "समजलं" म्हणालो आणि उठलो. दाराशी पोचल्यावर मागे वळलो, तर त्यांनी डोळे मिटले होते. झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं, असं मनाशी म्हणत चपला घातल्या. त्या दुखण्यातच दादा गेले. 'दादा, चूक माझी होती, मला क्षमा करा,' एवढंच तर म्हणायचं होतं.